मोगरा संघाची शिट्टी

स्वारगेट आगारात हिरा ओव्हाळला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. कंडक्टर आहे. अंगानं किरकोळ, पण तिची शिट्टी वाजल्याशिवाय बस जागची हलायची नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा एक पाय अजून रस्त्यावर होता आणि ड्रायव्हरनं गाडी काढायची घाई केली. हिरानं शांतपणे विचारलं, "अभय, त्यांचा दुसरा पाय मागच्या बसनं येणार आहे का?" तेव्हापासून अभय आधी आरशात बघतो, मग गिअर टाकतो.

हा ताठा हिनं आणला कुठून, असं लोक विचारतात. आईकडून म्हणावं, तर विमलाबाई बिबवेवाडीत चार घरच्या पोळ्या लाटणारी, कुणी काही बोललं तर मान खाली घालून कणीक तिंबत राहणारी. हिराला तो मिळाला शाळेतल्या गाईड पथकात. आणि त्याच शाळेनं पुढं तिचं काय केलं, ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

गाईड म्हणजे निळा पोशाख, गळ्यात स्कार्फ, कमरेला दोरी. शनिवारी शाळा सुटली की मुली मैदानात थांबायच्या. दोरीच्या गाठी शिकायच्या, तंबू ठोकायच्या, मोडल्या हाताला झोळी बांधायच्या. काय केलं, किती वाजता केलं, ते घड्याळ बघून वहीत लिहायच्या. मुलांच्या संघांना नावं वाघ, सिंह, गरुड. मुलींच्या संघांना गुलाब, कमळ, मोगरा. हे कुणी ठरवलं कोण जाणे. कोमेजायची सोय बारशालाच करून ठेवली म्हणायची.

हिरा नववीत मोगरा संघाची नायिका झाली. हाताखाली सात मुली आणि गळ्यात शिट्टी. त्याआधी वस्तीतल्या नळावर तिला कुणीही मागं ढकलायचं आणि ती ढकलली जायची. सहा महिन्यांत पोरगी नळावर रांग लावायला लागली. दांडग्या बाप्यालाही सांगायची, "काका, आधी त्या मावशींचा हंडा, मग तुमचा." आणि गंमत अशी, की काका थांबायचे.

तिचा सगळा जीव अडकला होता गाईडच्या राज्य पुरस्कारात. दोन वर्षं तिनं त्याची तयारी केली होती. चाचणीच्या शिबिराला नावं पाठवायची ती शाळेनं.

त्या वर्षी मार्चमध्ये शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन निघालं. पाहुणे दहाला येणार होते. हेडमास्तरांनी वाघ-सिंहांना फाटकाशी मांडवाच्या सावलीत बसवलं, गाड्या लावून घ्यायला. मोगऱ्याला उभं केलं उन्हात, दोन रांगांत, हातात पाकळ्यांची तबकं देऊन. तंबू ठोकणाऱ्या मुली त्या, पण पाहुण्यांवर फुलं उधळायला बऱ्या. अकरा वाजले, बारा वाजले. पाणी मागितलं तर रांग मोडेल म्हणून कुणी दिलं नाही. पाकळ्या काळ्या पडल्या. साडेबाराला राधा नावाची मुलगी तबकासकट खाली कोसळली.

हिरानं शिट्टी फुंकली. दोघींनी दोन काठ्या आणल्या, चौघींनी गळ्यातले स्कार्फ सोडून त्यांना बांधले, राधाला त्यावर घेतलं. सावली आणि पंखा एकाच ठिकाणी होता, सभागृहातल्या स्टेजवर. तिथं पाहुण्यांसाठी लाल सोफा मांडला होता, वर शुभ्र टॉवेल. हिरानं राधाला सोफ्यावर निजवलं, पायाखाली उशी दिली आणि तो टॉवेल पाहुण्यांच्याच तांब्यात बुडवून तिच्या कपाळावर ठेवला. राधानं डोळे उघडले, आणि बाहेर फटाके लागले. पाहुणे आले होते.

पाहुणे स्टेजवर चढले. त्यांनी पोरीकडं बघितलं, सोफ्याकडं बघितलं; घड्याळाकडं मात्र बघितलं नाही. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अर्धा तास शिस्तीवर बोलले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विमलाबाईला बोलावून घेतलं. मुलीनं शाळेची अब्रू घालवली, रांग मोडली, सोफा भिजवला. माफीनामा लिहून द्या, नाहीतर शिबिराला नाव जाणार नाही, असं सुनावलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. विमलाबाईच्या हाताला कणीक तशीच होती. जन्मात पहिल्यांदा तिनं मान वर केली. "साहेब," ती म्हणाली, "तिनं पोरगी उचलली का टाकली, तेवढं सांगा."

हेडमास्तरांनी कोरा कागद काढला आणि गाईडच्या बाईंना बोलावलं.

गाईडच्या कल्याणीबाई मनानं चांगल्या होत्या, पण चांगल्या माणसांनाही पगार लागतो. त्यांनी हिराला व्हरांड्यात घेतलं. दोन ओळी लिही, काय जातं तुझं, म्हणाल्या.

"बाई, गाईड विश्वसनीय असते, हा पहिलाच नियम," हिरा म्हणाली. "तुम्हीच पाठ करून घेतलात. मग चुकले नाही आणि चुकले असं कसं लिहू?"

कल्याणीबाईंनी कागद तिच्या हातात ठेवला आणि त्या निघून गेल्या. हिरानं कागदावर लिहिलं: आठ चाळीसला उभ्या राहिलो. अकरा वाजता पाणी मागितलं, मिळालं नाही. साडेबाराला राधा पडली. बारा छत्तीसला शुद्धीवर आली. बारा सदतीसला पाहुणे आले. खाली सही केली, हिरा ओव्हाळ, मोगरा संघ.

शिबिराला तिचं नाव गेलं नाही. शिट्टी काढून घेतली. पुरस्कार कधीच मिळाला नाही. त्या रात्री ती जेवली नाही, एवढंच विमलाबाई सांगते. पुढचं सांगत नाही.

आता यंदाची गोष्ट. महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी त्याच शाळेचं पत्र आलं. हिरा ओव्हाळ, शाळेची अभिमानास्पद माजी विद्यार्थिनी, प्रमुख पाहुण्या. खाली टीप, की कंडक्टरच्या गणवेशातच यावं, फोटो उठून दिसतो. जावं की न जावं, दोन दिवस तिचं ठरेना. शेवटी खाकी चढवून दहाच्या कार्यक्रमाला पावणेदहाला फाटकात पोचली.

हेडमास्तर बदलले होते, तबकं बदलली नव्हती. दोन रांगा, निळे पोशाख, आणि तेच ऊन.

हिरानं शिट्टी काढून फुंकली. रांगांतल्या माना वळल्या. नवे हेडमास्तर हार घेऊन धावत आले. मॅडम, अजून स्वागत व्हायचंय, म्हणाले.

"मी आले, स्वागत झालं," हिरा म्हणाली. "आता यांना पंख्याखाली बसवा, पाणी द्या. सगळ्या बसल्या की मी बसते. तोवर इथंच आहे, मला उभं राहायची सवय आहे."

आणि ती खरंच उन्हात उभी राहिली. मग हेडमास्तरांनाही उभं राहावं लागलं, हारासकट. मुली एकमेकींकडं बघत सभागृहात शिरल्या. मुक्ताई नावाची त्यांची नायिका मात्र मागं रेंगाळली. रांग मोडल्याबद्दल उद्या माफीनामा मागतील का, असं तिनं हळूच विचारलं.

"मागतील," हिरा म्हणाली. "काय घडलं ते लिहून दे. वेळ घालून लिही, आणि खाली संघाचं नाव टाकायला विसरू नकोस."