हँडलला बांधलेली चिंधी

माझ्या थोरल्या भावाला आमच्या भागात सगळे ‘उद्यावाले’ म्हणायचे. सायकल दुरुस्तीचं दुकान आणि तोंडात कायम एकच शब्द: उद्या. पंक्चर सोडलं तर कुठलंही काम त्यानं त्याच दिवशी उरकून दिलं नाही. लोक वैतागायचे. “काय उद्यावाले, लग्न तरी ठरल्या दिवशी केलंत ना?” असं विचारायचे. आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं यायचे, कारण दादाच्या हाताखालून गेलेली सायकल वर्षभर कुरकुर करत नसे.

आणि मी त्याची पाठची बहीण, म्हणजे नुसती वावटळ. चहा निवेपर्यंत दम धरवत नाही, म्हणून जन्मभर जीभ पोळून घेतली. एकाच पोटी एक गोगलगाय आणि एक टोळ कसा निपजला, असं आई म्हणायची. दादा मला कधी रागावला नाही. फार तर “आलं बाशिंग गुडघ्याला,” एवढं म्हणायचा आणि गालात हसायचा.

दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. छताला दोन साखळ्या, त्यात टांगलेली सायकल, भिंतीवर खिळ्यांना लावलेले पाने, खाली तेलानं काळी पडलेली फरशी. पण त्या दुकानाचा एक कायदा होता. काम अर्धवट असलेल्या सायकलच्या हँडलला दादा लाल चिंधी बांधायचा. चिंधी आहे, म्हणजे हात लावायचा नाही. दुकान सताड उघडं टाकून तो खुशाल बाजारात जायचा, पण चिंधीवाली सायकल न्यायची कुणाची टाप नव्हती. पोस्टमन तर म्हणायचे, “बँकेच्या कुलपापेक्षा यांची चिंधी पक्की.”

मी तेव्हा इस्पितळात कपड्यांच्या खोलीत कामाला होते. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डात पाठवायच्या. येण्याजाण्याला माझी लोखंडी सायकल, जुनी पण दणकट. त्या वर्षी इस्पितळाचा रस्ता खणून ठेवला होता. निम्मा चिखल, निम्मी खडी. माझे बारीक टायर खडीत रुतायचे आणि चिखलाची पाठीवर रांगोळी उठायची. एकदा आमच्या मुख्य बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, “स्वच्छ चादरींच्या खोलीत हे असलं ध्यान येतं होय? उद्या अशी आलीस तर परत पाठवीन.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी होती. सकाळी सायकल दादाच्या दारात नेऊन आदळली. “रुंद टायर टाक. पुढं-मागं मडगार्ड बसव. दुपारी नेते.”

“उद्या,” दादा म्हणाला.

“उद्या नाही, आज!”

“अगं, रुंद टायर कडक हवा भरून रात्रभर ठेवावा लागतो. फुगून नीट बसला की मग मडगार्डचं अंतर धरायचं. मध्ये करंगळी गेली पाहिजे. नाहीतर खडा अडकतो आणि चाक धरतं.”

“तुझी करंगळी घाल चुलीत,” असं म्हणून मी तरातरा निघून आले. बोलले खरी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुपारी गेले तेव्हा दादा दुकानात नव्हता. रुंद टायरनं मडगार्ड वर सरकलं होतं, जुने बोल्ट पुरत नव्हते, म्हणून तो लांब बोल्ट आणायला गेला होता. हे मला नंतर कळलं. मला दिसली ती माझी सायकल. नवे गुबगुबीत टायर, काळी कुळकुळीत मडगार्डं. आणि हँडलला चिंधी.

मला काय वाटलं सांगू? आजच्या आज झालंय काम, आणि हा उगीच आपला उद्याचा हट्ट चालवतोय. मी चिंधी सोडली, बाकावर टाकली आणि निघाले. मडगार्डाच्या सळ्यांचे नट त्यानं नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते.

खडीवर शंभर पावलंही गेले नसेन. हादऱ्यांनी नट सुटले, पुढचं मडगार्ड टायरवर बसलं, एक खडा आत शिरला आणि चाक जागच्या जागी थांबलं. मी मात्र थांबले नाही. हँडलवरून उडून तोंडावर आपटले. दोन दात गेले, उजवं कोपर मोडलं. लोकांनी उचलून आमच्याच इस्पितळात नेलं आणि मीच घडी घातलेल्या चादरीवर मला निजवलं.

बातमी लागताच सगळे गोळा झाले. आमचे हे, मुख्य बाई, पोस्टमन. दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता, नवे बोल्ट अजून मुठीत. ह्यांनी आल्या आल्या तोंड सोडलं. “केलीच असेल घाई! दुसरं काय करणार ही?”

पोस्टमन म्हणाले, “पण हँडलला चिंधी नव्हती का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुख्य बाईंनीसुद्धा.

“नव्हती,” मी म्हटलं.

पोस्टमन दादाकडे वळले. “काय हो उद्यावाले, तुम्ही आणि विसरलात?”

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. मला त्याचं बोलणं तेवढं ऐकू आलं. “राहिली असेल बांधायची.”

बस्स, तिथंच त्याचं दुकान बुडालं. आधी चेष्टा झाली, मग कुजबुज. सख्ख्या बहिणीला तोंडावर पाडलं, आपलं काय करेल? शाळेच्या मास्तरांच्या सायकली येईनाशा झाल्या. पोस्टमननी सुरुवातीला भीड धरली, पुढं तेही पुलापलीकडच्या दुकानात जाऊ लागले. चिंधीवर विश्वास होता तोवर ‘उद्या’ला किंमत होती. तो गेल्यावर ‘उद्या’ म्हणजे नुसता आळस ठरला. दीड वर्षात दादानं दुकान मोडलं आणि एका गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. आल्या-गेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे. ज्याचे हात चाकाची तार छेडून ती सैल की ताठ ते सांगायचे, त्या हातात पेन्सिल आली.

घरी वहिनी त्याला टोचायची. “एक चिंधी बांधायला काय हात झिजले असते तुमचे?” जेवताना, पाहुण्यांत, माझ्यासमोरसुद्धा. मी मान खाली घालून घास चावत राहायचे. दादानं वहिनीलाही खरं सांगितलं नव्हतं. आणि मी? आज सांगेन, पुढच्या खेपेला सांगेन. जन्मभर सगळ्या गोष्टींची घाई केली, एवढ्या एकाच गोष्टीची नाही केली. लाज वाटते लिहायला, पण नऊ वर्षं गेली.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. भाचीचा नवरा नवी सायकल घेऊन आला होता. दादाला म्हणाला, “मामंजी, मडगार्ड तुम्हीच बसवून द्या ना.” दादाचा चेहरा असा उजळला! तो उठायलाच लागला, तेवढ्यात आतून वहिनी म्हणाली, “त्यांना नका हो देऊ. विसरतात ते. बहिणीला पाडलंय त्यांनी.”

दादा पुन्हा खाली बसला.

माझ्याच्यानं राहवलं नाही. “चिंधी होती,” मी म्हटलं. “वहिनी, चिंधी बांधलेली होती. मी सोडली. दादा दुकानात नव्हता, मी न विचारता सायकल नेली. मी खोटं बोलले.”

वहिनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता माझी चामडी सोलणार. पण ती आधी दादाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. “वन्सं, तुम्ही खोटं एकदा बोललात. मी नऊ वर्षं ह्यांना घालूनपाडून बोलले. ते बोलणं मी कुठं नेऊन टाकू?” आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. जावयाला काय करावं कळेना. तो सायकल घेऊन बाहेर गेला.

“दादा, तू का नाही बोललास रे?” मी विचारलं. मला तर भांडायचंच होतं त्याच्याशी. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“तू पडलेली होतीस गं. त्यात चारचौघांत तुला आणखी खोटं कुठं पाडू? मला वाटलं, प्लास्टर निघालं की सांगशील. मग वाटलं, मास्तर लोक यायचे बंद झालेत, आता सांगशील. दुकानाची पाटी उतरवली तेव्हा तू शिडी धरून उभी होतीस. तेव्हा तर मी वरून मुद्दाम तुझ्याकडे बघितलं होतं.”

मला आठवलं. चांगलं आठवलं. हातात पाटी घेऊन तो शिडीवर नुसता उभा राहिला होता, खाली बघत. आणि मी त्याला म्हटलं होतं, “आटप रे लवकर, मला उशीर होतोय.”