मामाच्या गिटारीला पाय का आले

माझ्या मामाचं नाव कुठल्याही तबकडीवर छापलेलं नाही. गाण्यात बाईचा आवाज संपतो आणि तिच्याच गळ्यातून ओघळल्यासारखा एक लांब सूर खाली घसरत येतो, तो मामाचा. मुंबईत वाजवणाऱ्या मंडळींत त्याला ओळखत नाही असा माणूस नाही. रेडिओवर गाणारीचं नाव सांगतात, लिहिणाऱ्याचं सांगतात, वाजवणाऱ्याचं कधीच नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्याच्या गिटारींना पायाने दाबायच्या पट्ट्या कशा आल्या असं कुणी विचारलं, की राग बाजूला राहतो आणि मला रेवदंड्याची ती सकाळ आठवते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मामा शिमग्याला रेवदंड्याला आमच्याकडे आला होता. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती गिटार बरोबर होती. डाव्या हातात पोलादाची कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. मामा ती कांडी तर्जनीने हळूच तिरकी करायचा, की एक सूर वर चढायचा आणि दुसरा मागे राहायचा. हे त्याच्यासारखं कुणाला जमत नव्हतं. म्हणून तो हातांना जपायचा. नारळ सोलायचा नाही, होडीच्या दोराला हात लावायचा नाही.

आई त्याची थोरली बहीण. बंदरावर मासळी विकायची. त्या सकाळी मामा तिथे नुसता उभा राहिलेला पाहून तिने सुरू केलं, "काय रं, हात मुंबईलाच ठेवून आलास काय?"

"आनलेत की. पन ते फिल्मवाल्यांचे हायत."

"मंग तुझे कंचे?"

बाजूच्या बायका खिदळल्या. एक म्हणाली, "ल्हानपनी ह्यो शिंगाळ्याचे काटे मोडायचा. आता बघून चक्कर येल त्याला!"

शिंगाळा मासा मेला तरी त्याच्या पाठीवरचा विषारी काटा ताठ उभा राहतो. बायका तो लाकडाच्या तुकड्याने मोडतात. मामाने लाकूड मागितलं नाही. लहानपणी मोडायचा तसा उघड्या हाताने एक काटा मोडला आणि सगळ्यांना दाखवला. दुसरा त्याच्या डाव्या तर्जनीच्या मुळाशी घुसला.

त्याला घरी आणेपर्यंत हात सुजला होता. शेजाऱ्यांनी भगताला बोलावलं. त्याने काहीतरी पुटपुटत जाळ्याच्या दोऱ्याने बोट मुळाशी आवळलं आणि बजावलं, "दिवस मावळंपातूर सोडायचा न्हाय. सोडलात तर इख काळजात जाईल."

माझे बाबा अलिबागला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उरलेली पत्रकं ते घरी आणत आणि अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. शेतकऱ्यांची, कामगारांची, बुवाबाजीविरुद्धची. भगताच्या नादी लागू नका, डोळे उघडून पाहा, असं त्यांत असायचं. मी डोळे उघडून पाहत होते. बोट आधी लाल होतं, मग जांभळं, मग शाईसारखं. मी हात लावला तर ते टोपलीतल्या मासळीसारखं गार लागलं. आता काय करायचं ते कुठल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं. बाबाही घरी नव्हते.

मी कोयता उचलला.

"नको गं," मामा म्हणाला. "मला मरायचं न्हाय."

आई दारात उभी राहिली. "त्याला काय झालं तर तुला ह्या घरात जागा न्हाय. ऐकतेस न्हवं?"

मी ऐकत होते. भगत चुकला असेल यावर माझा विश्वास होता, पण तो इतका मोठा नव्हता की भीती वाटू नये. आणि भगत खरा निघाला तर? कोयत्याचं टोक दोऱ्याखाली घालताना मी मामाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. दोरा तुटला. रक्त बोटात परत शिरलं तसा मामा असा ओरडला की आईने मला बाजूला ढकललं. मी भिंतीला टेकून त्याची छाती वर-खाली होते का एवढंच पाहत राहिले. ती होत होती. तरी मी नजर काढली नाही.

दुपारच्या एसटीने आम्ही त्याला अलिबागला नेलं. डॉक्टरांनी बोट चिरून काट्याचं टोक काढलं. हात वाचला, बोटही राहिलं. पण ते वाकेना.

मामा मुंबईला परत गेला नाही. आमच्या पडवीत बसून तो कांडी तिरकी करायला बघायचा, आणि ती सुटून सारवलेल्या जमिनीवर पडायची. त्या आवाजाची मला इतकी धास्ती बसली की मी सकाळीच पाण्याला निघून जायची. मुंबईत त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवल्याचं कानावर आलं होतं. मामा जेवताना ते बोट ताटाखाली लपवायचा. मी दोरा कापला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत असेल का? मी विचारलं नाही. माझी हिंमत नव्हती.

एके दिवशी तो म्हणाला, "हाताला जमत न्हाय तर पायाला सांगू." परदेशात पायपट्ट्यांची गिटार असते, पट्टी दाबली की तार ताणली जाते, असं चित्र त्याने एका मासिकात पाहिलं होतं. चित्रात आतलं काहीच दिसत नव्हतं. पट्टीची ओढ गिटारीपर्यंत न्यायला आम्ही सायकलच्या दुकानातून ब्रेकच्या तारा आणल्या. मोडक्या होडीच्या फळ्यांचे चार पाय आणि दोन पट्ट्या केल्या. बाबांनी छापखान्यातल्या भंगार यंत्राच्या स्प्रिंगा आणल्या.

घरात वीज नव्हती, त्यामुळे विजेवर बोलणारी ती गिटार जवळजवळ मुकीच होती. मामा म्हणाला, "कान लाव लाकडाला." मी कान लावला. त्याने पट्टी दाबली, गिटारीची तार कुरकुरली आणि तुटून माझ्या गालावर आली. रक्त आलं.

मामा घाबरला. "ऱ्हाऊ दे. मोडून टाकू सगळं."

"नवी तार लाव," मी म्हणाले, आणि डोळे घट्ट मिटून परत कान टेकला. या वेळी दोन सूर जागच्या जागी राहिले आणि त्यांच्यामधून तिसरा सावकाश वर आला. कांडी सरळच होती.

तीच गिटार घोंगडीत गुंडाळून तो रेवसच्या लाँचने मुंबईला गेला. पुढे त्याने लोखंडी सांगाड्याच्या दोन करून घेतल्या, लोक बघायला येतात त्या. पण तेव्हा तो गेला आणि पावसाळा संपेपर्यंत काहीच कळलं नाही.

मग एका संध्याकाळी मी आईबरोबर एसटी थांब्याजवळच्या हॉटेलापाशी उभी होते. आतल्या रेडिओवर नवं गाणं लागलं. बाईचा आवाज संपला. सूर घसरत खाली आला, थांबला, आणि त्याच्या पोटातून दुसरा वर चढू लागला.

आईने टोपली खाली ठेवली. "तोच हाय ना गं?"

आईने खाली पाहिलं. माझा उजवा पाय मातीत रुतला होता. पट्टी दाबावी तसा मी तो दाबून धरला होता, आणि सूर पुरता वर पोहोचेपर्यंत उचलायला मला भीती वाटत होती.