चुकलेल्या मेंढरामागची चाल

माण तालुक्यात आमच्या वाट्याला जमीन होती ती कुसळं उगवण्यापुरती. म्हणून दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचे. मागं घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या जोडीला मी. कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात ज्वारी घ्यायची, पुढं निघायचं. असल्या घरातून मी बी.ए. झाले. भावकीतली पहिली. आपणहून कुणी विचारत नाही, म्हणून सांगते.

आष्ट्यात शाळेवर नोकरी लागल्यावर मेंढरं विकली आणि आबांना घरी आणलं. जन्मभर चाललेला माणूस दोन वर्षांत सोफ्याला चिकटला. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघून ऑपरेशन न करताच दोनदा परत पाठवलं. गोळी दिली, मीठ कमी करायला लावलं आणि रोज अर्धा तास चाला म्हणाले. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगानं.

मी पडले पदवीधर. लगेच बूट आणले, मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि आबांना मैदानावर नेलं. आबा कट्ट्यावर बसले. समोर रिटायर मंडळी हात हलवत झपाझप गोल फिरत होती. आबांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"ह्या समद्यांची जनावरं चुकल्यात व्हय गं?"

म्हटलं, तब्येतीसाठी चालतात.

"मागं मेंढरू न्हाई, म्होरं गाव न्हाई. शिकलेल्या माणसाला लय येळ असतोय."

आठवडाभर ते नवे बूट कट्ट्यावर बसून घरी आले. मी फळ्यावर काढावं तसं हृदयाचं चित्र काढून दाखवलं. आबांनी ते उलटं धरून बघितलं आणि परत दिलं.

मग एके दिवशी फिरणाऱ्यांतले एक माजी सुभेदार दुसऱ्याच फेरीला मोबाईल काढून पायरीवर बसले. कळप पुढं गेला आणि एक मागं राहिलं, हे काही आबांना बघवेना. काठी घेऊन उठले.

"उठा सुभेदार. मागं ऱ्हायलेलं लांडगा नेतोय."

सुभेदार उठले. त्यांच्यामागून आबा चालले ते थेट अर्धा तास. दुसऱ्या दिवसापासून काठी आडवी धरून, जिभेनं टकटक करत, सगळ्या मंडळींच्या मागं. एक निवृत्त हेडमास्तर कायम पुढं असायचे. कळपापुढं चालणाऱ्या, घंटा बांधलेल्या बोकडाची जागा आबांनी त्यांना दिली. हे हेडमास्तरांना अजून माहीत नाही, पुढं चालायला मिळणं हा त्यांना मान वाटतो. फिरणं संपलं की आबा वाड्यात मेंढरं मोजावीत तशी डोकी मोजायचे. एखादं कमी भरलं की त्याच्या दारात जाऊन उभे. पेन्शनवाले भिऊन वेळेवर यायला लागले.

तीन महिन्यांनी सांगलीत डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर पट्टा बांधून रक्तदाब बघितला. तो उतरला होता. गोळी सोडायची नाही, चालणंही सोडायचं नाही म्हणाले, आणि ऑपरेशनची तारीख दिली. मी बुटांकडे बोट दाखवणार होते, पण आबांच्या पायात वहाणा होत्या.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आबांना आता लांबून सगळी डोकी मोजता येतात.