डाव्या बाजूचा बेंड पाईप

बायकोचा पाय भाजला ते मला वासावरून कळलं, आणि तेही चुकीचं कळलं.

मंडईतून भाजी घेऊन आम्ही कसब्यात घरी निघालो होतो. सिग्नलला थांबलो तर रबर जळाल्याचा वास आला. पंचेचाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस मी, लगेच म्हटलं, क्लच प्लेट गेली. गाडी कडेला घेतली, बसल्या बसल्या वाकून इंजिनाजवळ नाक नेलं, क्लच दोनदा दाबून पाहिला. ती मागं मांडीवर पिशवी घेऊन एका अंगानं बसलेली. म्हणाली, "झालं का तुमचं? कोथिंबीर सुकतेय."

घरी आल्यावर तिनं डावी चप्पल काढली. पट्टा वितळून पायाला चिकटला होता, तो निघाला कातडी घेऊनच. तिला काही दुखत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या पायाकडं बघावं तशी ती स्वतःच्या पायाकडं बघत होती.

माझी मोटरसायकल जुनी, दोन सायलेन्सरची. इंजिनातून दोन नळ्या निघतात, एक उजवीकडं, एक डावीकडं, वळसा घेऊन मागं सायलेन्सरला मिळतात. त्या वळणाच्या नळीला आम्ही बेंड पाईप म्हणतो. साडी नेसलेली बाई डावीकडं पाय सोडून बसते, आणि डावा पाईप सायलेन्सरला मिळतो नेमकी तिथंच तिच्या पावलाची कड येते. तीस वर्षं ती अशीच बसली. तापलं की पाय वर घ्यायची, एवढंच. आता तापलेलं तिला कळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनं सांगितलं असेल, माझ्या ध्यानात नसेल.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. जखम धुता धुता म्हणाली, "बाबा, साखरेमुळं यांच्या पायातली जाणीव गेलीय. पुन्हा पोळलं तर यांना कळायचं नाही. जखम चिघळली तर बोटं काढावी लागतील. बोटांवर भागलं तर नशीब म्हणा."

"मग करायचं काय?"

"गाडीवर बसवू नका."

"आणि त्याशिवाय?"

"त्याशिवाय काय? रिक्षा आहेत की गावात."

दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसणं मला जमत नाही. बसचं एक वेळ ठीक आहे, मागं बसलं की ड्रायव्हर दिसत नाही. रिक्षात तो पुढ्यातच असतो, चुकीच्या गिअरवर गाडी ओढत, आणि वर आपण त्याला पैसे द्यायचे. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, विका ती गाडी आता. वय काय तुमचं?" फोन मी ठेवला. गाडी विकायची तर मग माझं काय राहिलं? शाळा चौथीत सुटली. मला जे काही येतं ते सगळं त्या लोखंडातलं आहे. पाय भाजला तो पाईपानं, तर पाईपाचंच काहीतरी करायला पाहिजे, असा माझा हिशेब.

जुन्या ओळखीच्या एका वेल्डरनं सांगितलं की लोणी काळभोरच्या बाजूला एका शेडमध्ये पाईपांवर सिरॅमिकचं कोटिंग करतात. उष्णता आतच राहते म्हणे. रेसच्या गाड्यांची पोरं तिथं रांग लावतात. मी दोन्ही बेंड पाईप सोडवले. पूर्वी हे काम मी चहा गार व्हायच्या आत करायचो. आता एकेक नट सैल करायला उकिडवं बसायचं, मग भिंत धरून उठायचं, मग पुन्हा बसायचं. सकाळ गेली त्यात. गुडघे म्हणत होते पुरे, आणि मी त्यांनाही उत्तर दिलं नाही. पाईप बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळले आणि बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तोफ घेऊन कुठं स्वारी?" म्हटलं, "तुझं तिकीट फाड."

शेडची मालकीण एक बाई निघाली. तिकडं अकोल्याकडची, इथं इंजिनिअरिंग शिकायला आली आणि राहिली. अंगात एप्रन, तोंडाचा मास्क कपाळावर सरकवलेला. तिनं पाईप हातात घेऊन आत डोकावून पाहिलं.

"काका, काजळी बसली आहे ना आत, दोन बोटं."

"टू-स्ट्रोक आहे. तेल पितेच."

"क्रोम पण काढावं लागेल सगळं. त्यावर कोटिंग नाही धरत."

ते क्रोम मी स्वतः करून घेतलं होतं, गाडी नवी असताना. पण काढा म्हटलं. तिनं आधी पाईप भट्टीत घालून तेल आणि काजळी जाळली. मग क्रोम उतरवलं, बारीक वाळूचा मारा करून पत्रा पांढराफटक केला. मी जवळ जाऊन बोट फिरवणार तेवढ्यात ती ओरडली, "बाप्पा! हात नका लावू काका! बोटाचं तेल लागलं की तेवढंच सुटून येते मग." मी हात मागं घेतला. राग आला, पण बाईचं काम स्वच्छ होतं, हे कबूल करायला हवं. कोटिंगचा पातळ थर मारला, सुकू दिला, पाईप भट्टीत ठेवला. बाहेर आला तेव्हा पाईप काळा आणि बिनचकाकीचा दिसत होता, तव्यासारखा.

मी विचारलं, "आता पाय लागला तर पोळायचं नाही ना?"

"कमी होईन काका. गरम गॅस आतून तसाच बाहेर निघून जाते. पण कमी म्हणजे गार नाही."

"कमी होईल ना पण?"

"कमी होईन. पण हात-पाय लावायचा नाही. तुम्ही ऐकून नाही राहिले माझं."

"ऐकलं की," मी म्हणालो. कमी होईल, एवढं मी ऐकलं होतं.

तिनं सांगितल्याप्रमाणं पाईप बसवून गाडी आधी थोडी चालू ठेवली, गार होऊ दिली, पुन्हा चालू केली. तिसऱ्या दिवशी एकटाच हडपसरपर्यंत जाऊन आलो. घरासमोर गाडी स्टँडला लावली आणि बायकोला हाक मारली. ती पायाला पट्टी बांधलेली, भिंत धरत दारात आली.

"गाडीला काळा पोशाख केलात होय?" ती म्हणाली. "मला एक चप्पल आणा म्हणत होते, ती राहिली."

"बघ तर खरं." मी खाली बसलो आणि डाव्या पाईपाला, तिचं पाऊल येतं बरोबर त्या जागेवर, उजवा तळवा ठेवला. पूर्वी तिथं कुणीही बोट टेकवलं की झटक्यानं मागं घ्यायचं. मी मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन, चार. "बघितलंस? काही नाही. नुसतं कोमट. उद्या पट्टीला आपण गाडीवरच जायचं."

ती पाईपाकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "हात काढा."

"अगं काही होत नाही म्हणतोय ना."

"हात काढा आणि दाखवा इकडं."

मी तळवा वर केला. मधोमध कातडी पांढरी पडली होती. बघता बघता कडेनं लाल झाली आणि आम्ही दोघं तिथं उभे असतानाच फोड वर आला, रुपयाएवढा. मला काही वाटत नव्हतं. आत कुठंतरी ठसठस सुरू झाली ती पाच मिनिटांनी.

तापलेलं इंजिन उघडायचं, तापलेला प्लग बोटांनी फिरवून काढायचा, यात मी आयुष्यभर मोठेपणा मानला. गॅरेजात लोक म्हणायचे, याच्या हाताला चटका लागत नाही. मी ते ऐकून खूश व्हायचो आणि मुद्दाम करून दाखवायचो. हाताची कातडी टाचेसारखी झाली होती, आणि अशा हातानं मी तिच्या पायाची खात्री देत होतो. एकदा माझ्या नाकावर तिनं भरवसा ठेवला होता, तेव्हा तिचा पाय पाईपाला चिकटला होता. आता हातावर ठेवायला सांगत होतो.

तिनं मला आत नेलं, मोरीत नळाखाली हात धरला. पाणी वाहत होतं, आणि ती एका पायावर भार देऊन उभी होती. मी म्हटलं, "बस तू, मी धरतो." ती म्हणाली, "तुम्हाला कळतंय का पाणी गार आहे ते?" त्यात टोमणा किती आणि विचारणं किती, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "कळतंय थोडं."

नळाखालचा हात उलटा करत मी म्हणालो, "त्या बाईनं सांगितलं होतं. कमी म्हणजे गार नाही."

"मग?"

"मग काय. तू नको बसूस आता गाडीवर."

हे एवढं वाक्य बोलायला मला गाडी उचलण्यापेक्षा जास्त जोर लागला. तिनं नळ बंद केला. जिंकल्यासारखं तोंड तिनं केलं नाही, तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "बरं. उद्या रिक्षा सांगते."

दुसऱ्या दिवशी रिक्षा बोळाच्या तोंडाशी आली. तिला धरून तिथपर्यंत नेलं, डाव्या हातानं, उजव्याला फडकं गुंडाळलेलं. आत तिनं पाय सरळ करून समोरच्या पिशवीवर ठेवला आणि सुस्कारा टाकला. किती दिवसांनी तिला पाय असा मोकळा सोडता आला होता, कोण जाणे. रिक्षावाल्यानं चौथ्या गिअरवर चढ घ्यायला सुरुवात केली. इंजिन धडधडायला लागलं, पत्रा थरथरायला लागला. मी दात आवळून बसलो.

बायको माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बोला आता त्याला काय ते. उगीच पोटात ठेवू नका."

"चालवू दे," मी म्हटलं. "पोचवेल तो."

दवाखान्यात डॉक्टरणीनं तिची पट्टी सोडली. बोटं जागेवर होती, जखमेच्या कडा भरत आल्या होत्या. मग डॉक्टरणीचं लक्ष माझ्या फडक्याकडं गेलं. "आणि हे काय बाबा?"

बायको माझ्या बाजूनं काहीतरी रचून सांगणार होती, तिच्या तोंडावरून मला दिसलं. मी तिला थांबवलं आणि टेबलावर हात उघडा करून ठेवला. "पाईप तापलाय का बघत होतो," मी म्हणालो. "तापला होता."