मोहरीचं आकाश

जवळ ये गं, अशी लांबून वाचू नकोस. गेल्या खेपेला दाराशीच टेकलीस, चहा अर्धा टाकलास आणि बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक, बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक करत पळालीस. अण्णांबद्दल विचारलंस आणि उत्तराला काही थांबली नाहीस. असं करतात का? आता लिहूनच सांगते.

आम्ही तेव्हाही मल्लेश्वरममध्येच होतो. साठ साल नुकतंच उलटलेलं. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि थोरले दीर. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, म्हणून मीही. कॉलेजात शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आकाशाचं वेड, आणि नेमके त्यांचेच डोळे जायला लागले. तेही विचित्र रीतीने. समोरचं दिसेना, कडेचं तेवढं दिसे. म्हणून ज्याच्याशी बोलायचं त्याच्या जरा बाजूला बघावं लागे. मी वाढायला वाकले की माझ्या कानामागे कुणाकडे तरी बघत म्हणायचे, "स्वल्प आमटी." मी वळून बघायची. कुणी नसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वळायचीच.

परदेशातल्या एका मित्राने त्यांना आकाशाचा मोठा फोटो पाठवला होता. उलटा फोटो, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. टेबलावर पसरला की भरदुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. त्यात रेखीव ठिपके होते ते आपल्या जवळचे तारे. आणि लोकरीचा कण चिकटावा तसे पुसट डाग होते त्या दीर्घिका. एकेक डाग म्हणजे अगणित ताऱ्यांची वस्ती. अण्णांचं म्हणणं, या वस्त्या घोळके करून राहतात. त्यांचे एक सहकारी नेहमी घरी येत, ते म्हणत, हा डोळ्यांचा खेळ आहे, मूठभर दाणे फेकले तरी कुठे ना कुठे घोळका पडतोच.

मी एकदा विचारलं, की घोळके झाले तरी कसे.

"अगं, अगदी सुरुवातीला सगळीकडे सारखाच वायू होता," अण्णा म्हणाले. "फक्त कुठे केसभर दाट, कुठे केसभर विरळ. दाट जागेने शेजारचं ओढलं, म्हणून ती आणखी दाट झाली, म्हणून तिने आणखी ओढलं. विरळ जागा ओस पडत गेल्या. अजून पडताहेत."

"कुणी वसवलं नाही?"

"कुणी नाही."

मग म्हणाले, "पण हे खरं की माझी समजूत, ते आता मला दिसायचं नाही. हा कागद बोटांनी वाचता आला तर आकाश माझं राहील. नाहीतर सरी, ठीक आहे, माळ्यावर टाकायचं सगळं."

ते ऐकून मला मोहरी सुचली. तांदळाची खळ शिजवली आणि प्रत्येक पुसट डागावर एकेक मोहरी चिकटवत गेले. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. डोळे मिटले की पापण्यांच्या आत ते आकाश सुलट व्हायचं, काळोख आणि त्यात पांढरे ठिपके. ते माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं. त्यात अण्णा सांगायचे, हा उजेड तिथून निघाला तेव्हा जगात माणूस नव्हता. ऐकून मी पदर घट्ट ओढून घ्यायची.

पण पारख करायची तर दुसराही कागद हवा, तितक्याच मोहऱ्या नुसत्या उधळलेला. दोन्ही हातांखाली घेऊन आकाश कोणतं ते ओळखता आलं पाहिजे. मी कोऱ्या कागदाला खळ फासली आणि मोहरी उधळली. अण्णांनी बोटं फिरवली आणि हसायला लागले.

"ही तर रांगोळी घातलीस. रिकामी जागा बघवत नाही तुम्हा बायकांना."

खरंच होतं. रोज उंबऱ्यापुढे ठिपके काढणारा हात तो, जिथे मोकळं राही तिथे आपोआप वळत होता.

मग सासूबाईंना गळ घातली. त्या चिडल्या. "मोहरी दृष्ट काढून चुलीत टाकायची असते. घरात उधळायची? कुणाला बोलावता आहात?"

"आई, माझे डोळे जायच्या आत एवढं कर," अण्णा म्हणाले.

त्या आत गेल्या. मूठ भरून आल्या, लहानपणी ओवाळत तशी अण्णांवरून उतरवली, खळ फासलेल्या कागदाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि खांद्यावरून फेकली. मग जास्तीच्या मोहऱ्या मी न बघता टिपून काढल्या.

सहकारी आले त्या दिवशी दोन्ही कागद त्यांनीच अण्णांपुढे ठेवले. पहिल्यावर अण्णांची बोटं फिरली. "इथे घोळका आहे. इथेही." तो सासूबाईंचा कागद होता. सहकारी गालात हसले.

दुसऱ्या कागदावर बोटं हळू झाली. एका मोकळ्या जागेपाशी थांबली. तिच्या कडेकडेने फिरली, परत आली, पुन्हा फिरली.

"हे आकाश," अण्णा म्हणाले.

"कशावरून? घोळके तर दोन्हीकडे आहेत," सहकारी म्हणाले.

"घोळक्यांवरून नाही. आईच्या कागदावर मोकळी जागा नुसती मोकळी आहे. इथे सगळे कडेला सरकून बसलेत. मधून माणूस उचलून नेल्यावर बसतात तसे."

सासूबाई दारात होत्या. त्यांची नजर खोलीच्या मध्यावर गेली, जिथे थोरल्या सुनेला, अण्णांच्या बायकोला, शेवटचं ठेवलं होतं. तेव्हा मला दिसलं, की आम्ही सगळे ती जागा सोडून बसलो होतो. सहकारीसुद्धा. तिथे बसू नका असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"हात ठेव इथे," अण्णा मला म्हणाले. "गार लागतंय?"

मी त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. एप्रिलची दुपार होती. गार लागलं.

सहकाऱ्यांनी चहा संपवला, "सरी" म्हणाले आणि चप्पल घालून गेले. पुढे पावसाळ्यापर्यंत अण्णांना कडेचंही दिसेनासं झालं. पण माळ्यावर काही गेलं नाही. रोज दुपारी कागद मांडीवर घेऊन बसायचे, अगदी शेवटपर्यंत. आता पेपरात येतं, की आकाशात न दिसणारं काहीतरी आधी जमलं आणि दिसणारं सगळं त्याच्या ओढीने मागून गेलं. ते वाचून मला अण्णा माझ्या कानामागे बघायचे ते आठवतं.

कागद आहे अजून माझ्याकडे. खळ वाळून मोहऱ्या गळायला लागल्यात. गंमत म्हणजे घोळक्यातल्या गळत नाहीत, त्या मोकळ्या जागेच्या कडेच्याच गळतात. दर महिन्याला ती थोडी मोठी होते. मी हात ठेवून बघते, पण माझ्या बोटांना आता गार-गरम नीट कळत नाही. तुझी बोटं तरणी आहेत. तू हात ठेव आणि काय लागतं ते मला खरं सांग. या रविवारी जमव गं, जेवायलाच ये. कडेच्या मोहऱ्या फार थोड्या उरल्यात.