फटफटीला पाजलेलं तीर्थ

लोक माझ्या यजमानांना देवमाणूस म्हणायचे आणि त्यांच्या फटफटीला दारुडी. हे परंड्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोन-तीन. पण तालुक्यातले रस्ते म्हणजे अजून बैलगाडीच्या चाकोऱ्याच. खेड्यापाड्यांत जायला म्हणून यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी, जडशीळ फटफटी घेतली होती. ती सुरू झाली की शेजारच्या म्हशी दावं तोडायला बघायच्या आणि शेजारीण मला चार शब्द ऐकवायची.

पेट्रोल बार्शीहून डब्यांतून यायचं. त्या वर्षी त्यात स्पिरिट मिसळलेलं येऊ लागलं. साखर कारखान्यात मळी उरते, तिच्यापासून हे स्पिरिट काढतात, तेवढंच परदेशी पेट्रोल कमी लागतं, असं यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मळीपासून दारू निघते, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. गावाच्याही डोक्यात तेवढंच राहिलं. मोटारीच्या थांब्यावर बसलेली माणसं विचारायची, "डाक्टरसाब, आज गाडीनं किती घेतली?" हे खो खो हसायचे. मला हसू यायचं नाही. माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. आमच्याकडे दारू प्यायलेल्या माणसाची सावली पडली तरी आजी अंगणात पाणी शिंपडायची, आणि इथं माझ्याच अंगणात डब्याडब्यानं ओतली जात होती.

भाद्रपदात एक बाई सासूबरोबर दवाखान्यात आली. वीस-बावीसची असेल. सीना नदीच्या अंगाला चार कोसांवर तिची वाडी. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि आता दुसऱ्यांदा दिवस होते. यांनी तपासून सांगितलं, की मूल आडवं आहे. कळा सुरू झाल्या की बैलगाडीत घालून आणू नका, मला निरोप द्या. दवाखान्याला लागूनच आमचं घर. सासू औषध घ्यायला थांबली तेवढ्यात ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिला पाणी दिलं.

"लांब हाय वो बाई आमची वाडी," ती म्हणाली. "हितं माझी मावशी ऱ्हाती. नववा लागला की तिच्याकडंच येऊन ऱ्हाऊ का?"

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "कशाला? फटफटी आहे की आमची. निरोप आला की साहेब अर्ध्या तासात तुझ्या दारात."

ती तोंडाला पदर लावून हसली. "लई दारू पिती म्हनं तुमची गाडी. वाटंत पडली म्हंजी?"

मलाही हसू आलं, पण आतून राग आला. म्हटलं, "आमची गाडी कधी पडायची नाही." ती उठली, सासूच्या मागून चालू लागली. मावशीकडे राहायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, असं तिच्या दिरानं मला नंतर सांगितलं. डाक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून.

मग नवरात्र आलं. माहेरहून कुणीतरी दरवर्षी तुळजापूरचं तीर्थ बाटलीत भरून आणून द्यायचं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. यांच्या कात्र्या, चिमटे, इंजेक्शनच्या सुया मी पाटावर मांडायची आणि अंगणात फटफटीला हळदकुंकू-अक्षता वाहायची. आदल्या दोन वर्षी तिच्या दिव्यावर पळीभर तीर्थ घातलं होतं आणि झालं होतं. त्या वर्षी माझं मन मानेना. आमच्यात असं मानतात, की शिंपडलेलं तीर्थ बाहेरून शुद्ध करतं. आतून शुद्ध व्हायचं तर ते पोटात जावं लागतं. माणूस असो, आजारी गाय असो, तीर्थ मुखी पडलं पाहिजे. आणि ही गाडी तर चार महिने दारू पीत होती.

यांना विचारलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून विचारलंच नाही. हे अंघोळीला गेल्यावर मी टाकीचं झाकण फिरवून काढलं. नाकाला पदर लावला, देवघरातला लहान तांब्या तीर्थानं भरला आणि सगळा आत ओतला. झाकण लावलं, हात जोडले. मला इतकं समाधान वाटलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणत पुरण वाटायला बसले.

दुपारी बाराच्या सुमारास वाडीवरच्या त्या बाईचा दीर सायकलवरून आला. घामानं निथळत होता. "पहाटपास्नं कळा हायत्या. सुईन म्हनती हात भाईर आलाय," एवढंच बोलला. यांनी पिशवी घेतली, त्याची सायकल आमच्या भिंतीला लावली, त्याला मागं बसवलं आणि निघाले. मी ओट्यावर उभी राहून फटफटीचा आवाज वेशीपलीकडे जाईपर्यंत ऐकला. आज हिच्या पोटात तीर्थ आहे, आज काही वावगं व्हायचं नाही, असं मी मनात म्हटलं. शब्दन् शब्द आठवतो.

तिन्हीसांजेला एक बैलगाडी दारात थांबली. गाडीत फटफटी आडवी घातलेली होती आणि हे बैलांच्या बरोबरीनं पायी चालत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं. मी दिवा घेऊन बाहेर आले. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेली. मूलही गेलं."

दोन कोसांवर गाडी गचके देत बंद पडली होती. यांनी लाथा मारमारून पाहिल्या, दिराला वाडीकडे पुढं पळवलं, टाकीचा नळ काढून सगळं रस्त्यावर सोडून दिलं, सोबतच्या डब्यातलं उरलंसुरलं घातलं. तरी ती उठेना. मग आश्विनातल्या उन्हात पिशवी घेऊन दोन कोस पळत गेले. पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. फार रक्त गेलं होतं.

मी रात्री विचारलं, "गाडी बंद पडली नसती तर?"

हे म्हणाले, "तासभर आधी पोचलो असतो तर मूल फिरवता आलं असतं. बाई नक्की वाचली असती." यांना खोटा धीर देता यायचा नाही.

तोवर मला खरंच काही कळलेलं नव्हतं. कळलं ते चार दिवसांनी, बार्शीचा मिस्त्री फटफटी खोलायला आला तेव्हा. मी दारात चहा घेऊन उभी होते. त्यानं काचेच्या बाटलीत नवं पेट्रोल घेतलं, वर बोटभर पाणी घातलं, बुचावर अंगठा धरून हलवलं आणि बाटली उन्हात धरली. तळाशी पाणी दोन बोटं झालं होतं.

"इंजनात पाणी घावलं, बगा साब," तो म्हणाला. "निसत्या पेट्रोलात पाणी थेंबभर गेलं तर गुमान तळाला पडून ऱ्हातं. ह्यात स्पिरिट हाय. पाणी त्या स्पिरिटला वडून घेतं आन् दोन्ही मिळून खाली बसतंय. तेच नळातनं गेलं इंजनात. पर टाकीत एवढं पाणी आलं कुठनं?"

हे लगेच म्हणाले, "डब्यातच आलं असेल. पेट्रोलच खराब होतं."

चहाचा कप माझ्या हातात होता. तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त, आणि मी ते गिळलं. मी कप ठेवला आणि आत गेले. नंतर यांनी फटफटी विकली आणि घोडा घेतला. कुणी विचारलं की हेच सांगायचे, पेट्रोल खराब होतं. वाडीवरच्या लोकांनीही मान्य केलं. तिची सासू तर यांच्या पाया पडून गेली, तुम्ही दोन कोस पळत आलात म्हणून. आणि मी घरात बसून ते ऐकत होते. स्वतःची इतकी घृणा मला कधी वाटली नाही.

ती बाई अजून येते. भर दुपारी येते, मी भाजी निवडत असताना. बोलत नाही, शाप देत नाही. ओट्यावर बसते आणि मला विचारल्यासारखं बघते, की मावशीकडे राहू का. रस्त्यात कुणाची मोटरसायकल बंद पडली की माझे हात थांबतात. ती पुन्हा सुरू होईपर्यंत भाजी तशीच राहते. आता तर म्हणे पुन्हा पेट्रोलमध्ये तेच स्पिरिट मिसळतात. नातू सांगत होता, मी उठून गेले.

आम्ही म्हातारपणी सोलापूरला मुलाकडे राहायला गेलो. यांना मागचंपुढचं आठवेनासं झालं. मला "आपण कुठल्या?" असं आदबीनं विचारायचे. एका दुपारी ऊन लागतं म्हणून मी डोक्यावरून पदर घेऊन यांच्यासमोर बसले होते. यांनी अचानक हात जोडले.

"आजी, तुमच्या सुनेला मी वाचवू शकलो नाही," म्हणाले. "पेट्रोल खराब होतं." मग खाली वाकून, हळू आवाजात: "तसं नव्हतं. टाकी रिकामी केली तेव्हा दोन अक्षता निघाल्या. मी त्या मातीत दाबल्या, कुणाला दिसू दिल्या नाहीत. माझी बायको भाबडी आहे हो. तिला यातलं काही ठाऊक नाही, कळलं तर ती जगायची नाही. तिला बोलू नका."

त्या सासूच्या वतीनं बोलायचा मला काय अधिकार होता? तरी मी पदर आणखी पुढं ओढला आणि म्हणाले, "न्हाय बोलणार, डाक्टरसाब."