कुंदाच्या दातांचं औषध

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी माझ्या अकलेचं जे प्रदर्शन मांडणार आहे ते ऐकून तुम्हाला माझी कीव येईल, आणि कीव आली की माणूस नीट हसत नाही. चहा घ्या. गार होईल.

आम्ही तेव्हा ग्वाल्हेरला खासगी बाजारात राहायचो. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं होतं. शिंदे सरकारच्या देवस्थान खात्यातला मी कारकून, नव्या सरकारच्या कचेरीत जमा झालो होतो. आमचं घराणं पुराणिकाचं. पूजाअर्चा, तीर्थप्रसाद, हे रक्तातच. ही रक्ताची गोष्ट ध्यानात ठेवा, तिनेच घात केला.

दुसरी गोष्ट पगडीची. जुन्या अमलात पगडीशिवाय कचेरीत पाऊल टाकायची सोय नव्हती. विलीनीकरण झालं आणि ती सक्ती गेली. मला वाटलं, चला, आता नवा जमाना. पगडी खुंटीला अडकवली आणि बोडक्याने कचेरीत जायला लागलो. बोडक्याने म्हणजे अक्षरशः. मागे एक शेंडी, बाकी सगळं मैदान.

आता कुंदाकडे येतो. आमची एकुलती एक पोर, पाचेक वर्षांची. तान्ही असताना मोठ्या तापातून उठली होती, त्याचा परिणाम असेल, पण तिचे दुधाचे दात आले तेच खडूसारखे. वरचं कवच कच्चं. बघता बघता कडा झिजायला लागल्या. गार पाणी प्यायली की कळवळायची. पोळी दुधात कुस्करून द्यावी लागे. रात्री गाल धरून झोपायची आणि झोपेतसुद्धा हात गालावरून काढायची नाही. शेजारीपाजारी म्हणत, दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत, काय एवढं? त्यांच्या पोरी चणे खात होत्या. माझी पोर चण्याकडे नुसती बघायची. मला ते बघवत नसे.

स्टेशनच्या वाटेवर पडाव म्हणून भाग आहे, तिथे एक पंजाबी डॉक्टर आले होते, फाळणीनंतर लाहोरहून. दातांचे. भला माणूस. सकाळी कचेरीआधी मी आणि ही कुंदाला घेऊन गेलो. त्यांनी कुंदाला माझ्या मांडीवर बसवलं, आरसा घालून दात बघितले आणि म्हणाले, "दाँत कमज़ोर हैं पंडितजी। अभी निकाल दूँ तो बच्ची खाएगी क्या? दवा लगाते हैं। दाँत सख़्त हो जाएँगे, सड़न रुक जाएगी।"

"फिर?" मी विचारलं.

"फिर यह कि जहाँ दवा लगेगी, वहाँ काला पड़ेगा। दो-चार बार लगानी पड़ेगी।"

हिने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे. काळे तर काळे, पण पोरगी जेवेल. मी मान हलवली.

डॉक्टरांनी कापसाने दात कोरडे केले. मग एका काचेच्या वाटीत औषध काढलं. दिसायला निव्वळ पाणी हो. ना रंग, ना वास. डॉक्टरांची बोटं तेवढी शाईत बुडवल्यासारखी काळी होती. ती का काळी असावीत, असा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

काडीला कापूस गुंडाळून ते एकेका दाताला औषध लावायला लागले. मी कुंदाच्या हनुवटीखाली ओंजळ धरून बसलेलो. पोर घाबरली, पाय झाडला, वाटी हिंदकळली आणि माझ्या उजव्या तळहातावर औषध सांडलं.

आता तुम्हीच सांगा, पुराणिकाच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या उजव्या तळव्यावर चार थेंब पाणी पडलं तर तो काय करेल? लहानपणापासून देवळात काय करत आलोय आपण? तीर्थ घ्यायचं आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. विचार करायचा असतो का त्यात? हात आपोआप वर गेला. प्यायलो नाही, हे नशीब. पण चारी बोटं टकलावरून पुढून मागे, शेंडीपर्यंत, व्यवस्थित, भक्तिभावाने.

"हाथ धो लीजिए," डॉक्टर म्हणाले. त्यांचं लक्ष कुंदाच्या तोंडात होतं. मी हात धुतला, डोकं कशाला धुतोय? हिला आणि कुंदाला टांग्यात बसवलं आणि मी भर उन्हात चालत कचेरीकडे निघालो. औषधाला ऊन लागलं की ते काळं होतं, हे मला नंतर कळलं.

कचेरीत शिरलो तर माझ्या टेबलाशेजारचे सबनीस उभेच राहिले. माझ्या डोक्याकडे बघितलं, मग हळूच माझा हात हातात घेतला.

"पुराणिक, कमाल केलीत. आम्ही नुसत्या बाता मारत राहिलो."

मला वाटलं, मुलीला औषध लावून आणलं त्याचं कौतुक करतायत. म्हटलं, "करावं लागतं हो. कुणीतरी हिंमत करायलाच पाहिजे."

सबनीसांचे डोळे भरून आले.

भानगड अशी होती की त्या दिवसांत उन्हाळ्यासाठी कचेरी इंदूरला हलवायची होती. ग्वाल्हेरवाले सगळे धुमसत होते. आमची राजधानी आणि आम्ही बोचकी बांधून इंदूरला जायचं? रोज चहाच्या वेळी निषेधाच्या गोष्टी व्हायच्या, निषेध कुणी करत नव्हतं. आणि आज पुराणिक डोक्याला काळे पट्टे फासून आले होते.

दुपारपर्यंत इतर खात्यांतले लोकही येऊन दारातून मला बघून गेले. एकाने पेढा दिला. मी खाल्ला. जुना शिपाई म्हणाला, "पंडितजी, आपने सबकी लाज रख ली।" मी म्हटलं, "अरे, घर की बात है।" तो सद्गदित झाला. त्या दिवशी मी जे जे बोललो ते सगळं मलाच भोवलं.

मग साहेबांनी बोलावलं. साहेब नवे, इंदूरचे.

"पुराणिक, इंदूरला यायचं नसेल तर रीतसर अर्ज करा. डोक्याला काळं फासून कचेरीत येणं ही काय रीत झाली?"

"काळं?" मी म्हटलं, "कुणी फासलं?"

साहेबांनी बोट दाखवलं. त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं. मी वाकून त्यात बघितलं. टकलावर चार पट्टे, पुढून मागे, शेंडीपर्यंत.

"साहेब, हे माझ्या मुलीच्या दातांचं औषध आहे."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला.

"मुलीच्या दातांचं औषध तुम्ही तुमच्या डोक्याला लावता?"

तीर्थाची कथा सांगितली. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. "घरी जा," एवढंच म्हणाले. बाहेर आलो तर सबनीस हार घेऊन उभे. त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. हार घालून घेतला आणि पळालो.

घरी आलो तर वेगळंच संकट. कुंदा कोपऱ्यात बसलेली, दोन्ही हात तोंडावर. तिचे दात काळे झाले होते, आरशात बघितले होते, आणि शेजारच्या पोरीने भुताचे दात म्हणून चिडवलं होतं. सकाळपासून अन्नाला शिवली नव्हती. बोलत नव्हती, रडतानाही ओठ मिटलेले.

ही म्हणाली, "किती समजावलं. ऐकूनच घेत नाही. आता परत औषध लावायला कशी तयार व्हायची?"

मला गलबलून आलं. एवढीशी पोर आणि तिने हसणंच बंद करून टाकलं होतं, तेही माझ्या निर्णयामुळे. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "कुंदे, तोंड दाखव ना."

तिने मान हलवली. हातांआडून बारीक आवाज आला, "मी नाही खोलणार तोंड."

मी खाली मान घातली. बस, एवढंच केलं. मान खाली गेली आणि डोकं तिच्यासमोर आलं.

मग एक छोटं बोट माझ्या टकलावरून फिरलं, पहिल्या पट्ट्यावरून, मग दुसऱ्या. "बाबा, तुम्हाला पण लावलं?"

"हो गं."

"तुम्हाला पण भूत म्हणाले?"

"नाही. मला हार घातला."

इकडे हिने माझं डोकं आत्ता पहिल्यांदा बघितलं होतं. तिने पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही, भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ती हसतेय बघून कुंदाचे हात गळले. तोंड उघडलं. काळे दात, आणि त्यातून खळखळून हसणं. त्या दिवशी तिने वरणभात पोटभर खाल्ला, माझ्या मांडीवर बसून, मधून मधून माझं डोकं तपासत.

पुढच्या खेपेला कुंदा आपणहून डॉक्टरांच्या खुर्चीत बसली. औषध लावून झाल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "घबराना नहीं बेटी। ये दूध के दाँत हैं। ये गिर जाएँगे, फिर नए आएँगे, मोती जैसे।"

कुंदाने विचार केला. मग खुर्चीवर उभी राहिली, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि अगदी मायेने म्हणाली, "बाबा, तुम्ही पण घबरू नका. हे तुमचं दुधाचं डोकं आहे. हे पडेल. मग खरं येईल."

कुंदाला पुढे खरे दात आले, मोत्यांसारखे, आज ती दाढेने सुपारी फोडते. माझे पट्टेही महिन्याभरात गेले. पण मी काही घोळ घातला की ही अजून शेजारणींना सांगते, "त्यांचं मनावर नका घेऊ. दुधाचंच आहे, अजून पडलं नाही."